गोगलगाईचा गुप्त वाचक

मामांनी स्वतःची ओळख स्वतःच लिहून काढली होती आणि ती त्यांच्या प्रत्येक ई-मेलच्या तळाशी आपोआप चिकटत असे. 'ज्येष्ठ संशोधक. स्वतंत्र अन्वेषक. माहितीच्या महासागरातले पट्टीचे पाणबुडे. ज्यांच्या नजरेतून एक टिबही सुटत नाही.'

'टिंब'वरचं टिंब सुटलं होतं. भाचीच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं, पण ती गप्प बसली. सांगितलं असतं तर ते टिंब कुणी चोरलं याचा तपास सुरू झाला असता, आणि पहिला संशय तिच्यावर आला असता. बाकी कुणी सांगण्याचा प्रश्न नव्हता. मामांचा ई-मेल तळापर्यंत वाचणारा माणूस अख्ख्या विद्यापीठात नव्हता.

'ज्येष्ठ' मात्र अगदी खरं होतं. पीएच.डी.साठी नाव घातलेल्यांत मामांच्या इतकं जुनं कुणीच उरलं नव्हतं. त्यांच्या मागून आलेले डॉक्टर होऊन गेले, त्यांचे विद्यार्थी डॉक्टर झाले, मामा मात्र अजून दुसऱ्या प्रकरणात. प्रबंधाचा विषय होता 'इलेक्ट्रॉनिक माहितीसाधनांचा संशोधकांच्या कामावर होणारा परिणाम'. मामांच्या बाबतीत तो परिणाम फार खोलवर झाला होता. काम थांबलं होतं.

"सहायिके," मामा भाचीला नेहमी असंच हाक मारत, "संशोधक या शब्दाची फोड ठाऊक आहे का तुला? संशय अधिक शोधक. मधले 'श' आणि 'य' पूर्वी एका तपासात गहाळ झाले."

"मामा, ते व्याकरणात बसत नाही."

"गुन्हेगारही व्याकरणात बसत नाहीत."

भाची ग्रंथालयाच्या ई-वाचनकक्षाची व्यवस्थापक होती. ई-वाचनकक्ष म्हणजे जिथे पुस्तक औषधालाही नाही अशी ग्रंथालयातली खोली. ओळीनं संगणक, भिंतीतून सतत गार वारा, आणि फोन चार्ज करायला आलेले विद्वान. भाचीचा दिवस लोकांना विसरलेले पासवर्ड परत मिळवून देण्यात जायचा. उरलेला वेळ मामा घ्यायचे. ती मामांची सहायक झाली ती नातं म्हणून. तिच्या आईनं एकदा फोनवर सांगितलं होतं, "जरा लक्ष ठेव गं त्याच्यावर." भाचीनं लक्ष ठेवलं, आणि मामांनी त्याला नेमणूक म्हटलं.

त्या सोमवारी एक जोडपं आत आलं. पुढे एक किडकिडीत निवृत्त प्राध्यापक, इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी. मागे त्यांची बायको, धिप्पाड, चालताना खोलीची पाहणी करणारी. प्राध्यापकांना सगळं विद्यापीठ पाठीमागे 'गोगलगाय सर' म्हणायचं, कारण त्यांचं सगळं आयुष्य प्राणिशास्त्र विभागात गोगलगाईंवर गेलं होतं. तोंडावर नुसतं 'सर'. त्यांच्या बायकोला मात्र तोंडावर आणि पाठीमागे एकच नाव होतं, मेट्रनबाई. मोठ्या रुग्णालयातून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण खोलीत शिरल्या की माणसं अजून अंथरुणात सरळ होत.

भाची चकित झाली. निवृत्तीनंतर सर विद्यापीठाच्या फाटकातही आले नव्हते. आपलं काम कुणी वाचलंच नाही, याची खंत घेऊन ते घरी बसले होते आणि सूक्ष्मदर्शक त्यांनी माळ्यावर टाकला होता, असं तिनं ऐकलं होतं.

"ह्यांनी सूक्ष्मदर्शक माळ्यावरून खाली काढलाय," मेट्रनबाई खुर्ची ओढत म्हणाल्या. "जेवायच्या टेबलावर मांडलाय. मी मांडीवर ताट घेऊन जेवते. पण निदान बोलायला लागलेत."

सरांनी फोन पुढे केला. त्यांचा एक जुना निबंध, विद्यापीठाच्या नियतकालिकात तीस वर्षांपूर्वी छापलेला, सवा पानाचा, मागल्या वर्षी स्कॅन करून ग्रंथालयाच्या ऑनलाइन संग्रहात टाकला होता. संग्रहात प्रत्येक निबंधापुढे तो किती वेळा उघडला गेला याचा आकडा असतो. बहुतेकांपुढे शून्य असतं, क्वचित एक, आणि तो एक म्हणजे लेखक. सरांच्या निबंधापुढे हजारांत आकडा होता. 'सर्वाधिक वाचलेले' या यादीत कर्करोग मागे पडला होता, हवामान मागे पडलं होतं, आणि सगळ्यांच्या वर सरांची गोगलगाय बसली होती.

"कुणीतरी रोज वाचतंय," सर म्हणाले. "रोज! मला फक्त तो कोण आहे हे कळायला हवं. एकदा भेटायचंय. विचारायचंय, की बाबा, तुला काय आवडलं?"

मामा उठले. खिडकीपाशी गेले. गार वारा बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीला कायमचा पत्रा ठोकला होता, तरी ते बाहेर बघत राहिले.

"सर, तुम्ही योग्य माणसाकडे आलात."

"मी ह्यांच्याकडे आलो होतो," सर भाचीकडे बोट दाखवत म्हणाले.

पण तोवर मामांच्या डोक्यात प्रकरण तयार झालं होतं. आणि या वेळी ते प्रबंधाचं प्रकरणही होतं. इलेक्ट्रॉनिक साधनांमुळे विस्मृतीत गेलेलं संशोधन पुन्हा जिवंत होतं! पुरावा समोर बसला होता, इस्त्रीच्या शर्टात. मामांच्या मार्गदर्शिका बाईंनी त्यांना शेवटची मुदत दिली होती. 'शेवटची' हा शब्द त्यांनी पूर्वीही वापरला होता, पण या वेळी त्या तो शांतपणे बोलल्या होत्या. शिवाय कुलगुरूंनी ग्रंथालयाच्या वर्धापनदिनी 'सर्वाधिक वाचले गेलेले संशोधक' म्हणून सरांचा सत्कार जाहीर केला होता. समारंभ त्याच आठवड्यात होता.

"समारंभात मी त्या वाचकाला व्यासपीठावर हजर करतो," मामा म्हणाले.

मेट्रनबाईंनी मामांकडे पाहिलं. ताप कितपत आहे हे नुसत्या नजरेनं ओळखायची त्यांची सवय होती.

दुपारी भाचीनं संग्रहाच्या नोंदी उघडल्या. मामांनी खिशातून भिंग काढून पडद्यावर धरलं. पडद्यावर भिंग धरलं की अक्षरं वाचता येत नाहीत, लाल-हिरवे-निळे ठिपके दिसतात.

"सांकेतिक लिपी," मामा पुटपुटले.

"मामा, भिंग काढ. इथे बघ. ग्रंथालय उघडलं की लगेच पहिल्यांदा निबंध उघडतो. मग दिवसातून पुष्कळदा. आणि प्रत्येक वेळी मिनिटभराच्या आत बंद."

"मिनिटभरात सवा पान! असामान्य बुद्धीचा माणूस. आणि पुन्हा पुन्हा वाचतो, म्हणजे असमाधानी. बुद्धिमान आणि असमाधानी, म्हणजे परदेशी."

"रविवारी एकदाही नाही."

"रविवारी वाचत नाही. म्हणजे कुटुंबवत्सल परदेशी."

"रविवारी ग्रंथालय बंद असतं."

"तोही एक दृष्टिकोन झाला," मामा मोठ्या मनानं म्हणाले.

संध्याकाळी ते विद्यापीठाच्या अतिथिगृहात होते. तिथे खरोखरच एक परदेशी पाहुणा उतरला होता. मामांनी दारावर टकटक केली आणि तोडक्यामोडक्या परभाषेत, जास्त हातवाऱ्यांनीच, विचारलं की आपण गोगलगाय घेता का. पाहुणा दचकला. तो इमारतीची लिफ्ट तपासायला आलेला तंत्रज्ञ होता. त्यानं नम्रपणे पोटावर हात ठेवला, जेवण झालंय असं सुचवलं आणि दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

"काहीतरी लपवतोय," मामा म्हणाले.

"रात्रीचं जेवण," भाची म्हणाली. "तू त्याला गोगलगाय वाढायला आलायस असं वाटलं त्याला."

दुसऱ्या दिवशी मामांनी परदेश सोडून दिला आणि ते चोरीकडे वळले. कुणीतरी निबंध रोज उघडून थोडा थोडा चोरत होतं. प्राणिशास्त्राच्या सध्याच्या विभागप्रमुख बाई सरांच्याच विद्यार्थिनी. हेतू तयार, संधी तयार. मामा त्यांच्या खोलीत शिरले ते पाठमोरे, म्हणजे दारावर लक्ष ठेवता यावं. त्यात त्यांचा धक्का लागून सांगाड्याच्या प्रतिकृतीचा एक हात खाली आला.

"सरांचा गोगलगाईवरचा निबंध तुम्ही शेवटचा कधी वाचलात?" मामांनी तो हात हातात धरूनच विचारलं.

"वाचला?" बाई हसल्या. "अहो, मी तो टाइप करून दिला होता त्यांना. टाइप करताना कोण वाचतं?"

"आणि आता?"

"आता तर मी काहीच वाचत नाही." बाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "हा बघा. हा फोल्डर 'वाचायचे आहे'. हा 'नक्की वाचायचे आहे'. आणि हा तिसरा, 'आता तरी वाच'. पूर्वी एक निबंध मिळवायला महिना जायचा. पत्र पाठवायचं, वाट बघायची. आला की सणासारखा पुरवून पुरवून वाचायचा. आता एका दुपारी हजार येतात. उतरवून घेतले की मनाला बरं वाटतं, वाचल्यासारखंच वाटतं. मग मी घरी जाते."

भाचीला बाईंचं हसणं बघवेना. तिच्या स्वतःच्या संगणकावरही असे दोन फोल्डर होते. मामांनी मात्र हे सगळं ऐकून वहीत एवढंच लिहिलं: 'संशयित क्रमांक दोन. वाचत नाही. संशय दूर.' प्रबंधाचा अख्खा निष्कर्ष त्यांच्या समोरून चालत गेला आणि त्यांनी त्याला वाट करून दिली.

बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सांगाड्याचा हात अजून त्यांच्याच हातात आहे. तो परत करायला भाची गेली.

मग मामांनी प्रेमप्रकरणाची शक्यता मांडली. सरांच्या तरुणपणी त्यांच्यावर मनोमन जीव लावलेली कुणी विदुषी असणार, जी आता उतारवयात त्यांची अक्षरं रोज डोळ्यांखालून घालते आणि मिनिटभरात डोळे भरून येतात म्हणून बंद करते. ही कल्पना मामांना इतकी आवडली की त्यांचाच आवाज घोगरा झाला. त्यांनी ती फोनवर मेट्रनबाईंना विचारून पाहिली.

"ह्यांच्यावर?" मेट्रनबाई म्हणाल्या. मग एवढंच, "सापडली तर मलाही भेटवा. दोन गोष्टी विचारायच्यात."

इतकं झाल्यावर भाचीनं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. तिनं संगणक विभागाला विचारलं, निबंध कुठल्या यंत्रावरून उघडला जातो. उत्तर तासाभरात आलं. सगळ्याच्या सगळ्या वेळा, एकच ठिकाण. ग्रंथालयाचा ई-वाचनकक्ष. कुठला संगणक ते सांगता येणार नाही, बाहेरून सगळ्या खोलीचा पत्ता एकच दिसतो.

भाचीनं ते दोनदा वाचलं. म्हणजे वाचक तिच्याच खोलीत होता, रोज, तिच्या डोळ्यांसमोर. आणि ती मामांना हसत होती.

"शंका होतीच मला," मामा म्हणाले. "उद्या छापा घालायचा."

"रंगीत की साधं?" लाकडी फळीच्या आडोशापलीकडून आवाज आला.

फळीपलीकडे कक्षाचा प्रिंटर होता आणि प्रिंटरपाशी प्रिंटरदादा. ते तिथे इतकी वर्षं बसत होते की भाचीला त्यांच्याकडे पाठ करून बसायची सवयच झाली होती. प्रिंटर त्यांच्याहून लहरी होता; ते त्याच्याशी बोलत, त्याला थोपटत, आणि तो बिथरला की खोलीला सुट्टी जाहीर करत.

"गुप्त छापा आहे," मामा दबक्या आवाजात म्हणाले.

"गुप्त नाही आपल्याकडे. रंगीत नाहीतर साधं."

दुसऱ्या दिवशी, समारंभाच्या आदल्या सकाळी, मामा वेष पालटून आले. वेष म्हणजे काळा चष्मा. तो त्यांनी नेहमीच्या चष्म्यावर चढवला होता. मधल्या संगणकापाशी बसून ते दाराकडे पाहत राहिले. काळ्या काचेतून समोरचा पडदा दिसत नव्हता. अर्ध्या तासानं कळलं की तो बंदच होता.

कक्ष भरला. कोपऱ्यात रसायनशास्त्राचा एक दाढीवाला संशोधक संगणकासमोर मान टाकून झोपला होता. त्याच्या पडद्यावर एक निबंध उघडा होता. मामा बोटांवर चालत त्याच्यामागे गेले आणि त्याच्या कानाशी हळूच म्हणाले, "गोगलगाय?"

तो ताडकन उठून उभा राहिला. "आमच्या सरांनी पाठवलं का तुम्हाला? सांगा त्यांना, प्रबंध पुढच्या महिन्यात नक्की देतो. हळू चाललंय हे मान्य आहे, पण चाललंय!"

"बसा, बसा," मामा म्हणाले. त्यांच्या स्वरात एकाएकी फार माया आली. "मी समजू शकतो."

याच वेळी मेट्रनबाई आत आल्या. त्यांच्या रक्ततपासणीचा अहवाल ई-मेलवर आला होता आणि डॉक्टरांना तो कागदावर हवा होता. मामांनी त्यांना पाहिलं, पण वेष उघडा पडू नये म्हणून ओळख दाखवली नाही. मेट्रनबाईंनी "काय हो मामा, डोळे आलेत का?" असं मोठ्यानं विचारलं आणि त्या सरळ फळीपलीकडे गेल्या.

"थांबा बाई," प्रिंटरदादांचा आवाज आला. "आधी ह्याचा मूड बघतो. सकाळपासून तीनदा रुसलाय."

मग कळफलकावर दोनतीन टकटक. घरघर. पाठपोट छापलेला एक कागद बाहेर आला.

"शिंगं आली," प्रिंटरदादा म्हणाले. "ठीक आहे. आता तुमचा अहवाल घालतो. त्याला वेळ लागेल, त्यात आकडे फार आहेत."

थोडा वेळ नुसती घरघर ऐकू येत होती. मग मेट्रनबाईंचा आवाज आला, वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकाला जाणारा. "अहो, हा तर आमच्या ह्यांचा निबंध!"

भाची खुर्चीतून उठून धावली. मामांनी तोंडावर बोट ठेवलं. "शांत राहा बाई, इथे तपास चालू आहे," असं म्हणून त्यांनी दारावरची नजर हलवली नाही.

फळीपलीकडे मेट्रनबाईंच्या हातात ताजा, कोमट कागद होता. वर सरांचं नाव, खाली तक्ता, त्याखाली गोगलगाईचा काळाभोर फोटो.

"तुम्ही हा कशाला छापलात?" भाचीनं विचारलं.

प्रिंटरदादांना प्रश्नच कळला नाही. "छापून बघायला. ह्याच्यात सगळं आहे ना. बारीक अक्षर, जाड अक्षर, तक्ता, रेघा, फोटो. ही शिंगं नीट उमटली की समजायचं शाई बरोबर आहे. आणि फाइल हलकी. उघडली की नेट चालू, छापली की प्रिंटर चालू. एका दमात दोन्ही कळतं."

"रोज?"

"रोज सकाळी. शिवाय रुसला की. शिवाय कुणी मोठा प्रबंध छापायला आणला की आधी."

"मग ती एकदाच उतरवून ठेवायची ना संगणकावर!"

"ठेवून बघितली की. पण तुमचा संगणक बंद केला की सगळं पुसतो. तुम्हीच तशी व्यवस्था केलीय."

ते खरं होतं. व्यवस्था भाचीचीच होती. लोक आपले फोटो मागे सोडून जातात म्हणून तिनं ती मोठ्या कौतुकानं बसवून घेतली होती.

मेट्रनबाई आधी गालातल्या गालात हसल्या, मग फळीला धरून हसल्या, मग खुर्चीवर बसून पदरानं डोळे पुसत हसल्या. हसता हसता त्यांनी पुन्हा कागदाकडे पाहिलं आणि एकदम थांबल्या.

"हा फोटो उलटा आहे."

"नाही बाई," प्रिंटरदादा म्हणाले, "शिंगं वरच आहेत."

"तसा नव्हे. आरशात दिसतो तसा. हिचा शंख उजवीकडे वळायचा. ह्यात डावीकडे वळलाय. ही बया वर्षभर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बरणीत होती. रोज मी कोबीचं पान घालत होते तिला. हे घालायला विसरायचे." त्यांनी निबंधावरून बोट फिरवलं. "आणि इथे खाली ह्यांनी स्वतःच लिहिलंय, 'शंखाचे वळण उजवे.' वर फोटो डावा, खाली मजकूर उजवा."

एवढ्यात मामा फळीवरून डोकावले. "सहायिके, दाढीवाला निर्दोष आहे. पण लाल स्वेटरवाली मला..."

"मामा," भाची म्हणाली, "चष्मा काढ. दोन्ही काढलेस तरी चालतील."

सगळं समजल्यावर मामा तिथल्याच रिकाम्या कागदाच्या खोक्यावर बसले. त्यांचं प्रकरण, पुराव्यासकट, प्रिंटरच्या तबकात पडलं होतं. मार्गदर्शिका बाईंकडे ते दुसऱ्याच दिवशी दुपारी जायचं होतं.

"हे इथेच दाबून टाकू," ते शेवटी म्हणाले. "उद्या सत्कार आहे. सरांचा शर्ट पाहिलात ना तुम्ही? इतकी कडक इस्त्री... त्यांना मी नाही सांगणार. आणि माझ्या प्रबंधासाठी म्हणत नाहीये मी." थोडं थांबून ते म्हणाले, "थोडं प्रबंधासाठीही म्हणतोय."

भाचीला त्यांचा राग आला नाही. तिलाही तेच वाटत होतं. पण समारंभात कुलगुरू तोच आकडा वाचून दाखवणार, आणि समोर प्रिंटरदादा बसलेले असणार, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं.

"सांगावं लागेल, मामा. नाहीतर उद्या ते भर सभेत दुसऱ्या कुणाकडून ऐकतील."

"मी सांगते," मेट्रनबाई उठल्या. "जन्मभर याहून वाईट बातम्या दिल्यात मी लोकांना. माणसाला आधी बसवायचं, पाणी जवळ ठेवायचं आणि घोळ न घालता सांगायचं. चला, तुम्ही दोघंही चला. तपास तुमचा होता."

सर जेवणाच्या टेबलापाशी, सूक्ष्मदर्शकाशेजारी, उद्याचं भाषण लिहीत होते. भाषणाची सुरुवात 'माझ्या अज्ञात मित्रा' अशी होती. मेट्रनबाईंनी पाण्याचा पेला ठेवला आणि सांगून टाकलं.

सरांनी पेन खाली ठेवलं. त्याचं टोपण लावलं. पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

"म्हणजे कुणीच नाही," ते म्हणाले.

मामा बोलायला गेले, "सर, तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर वाचन या संज्ञेची व्याख्या..." भाचीनं त्यांच्या पायावर पाय दिला.

"कुणीच नाही," सर पुन्हा म्हणाले. "प्रिंटर चालू आहे का एवढं बघायला."

भाचीला आपण या घरात आलोच नसतो तर बरं असं वाटलं. मामांनी मान इतकी खाली घातली होती की त्यांची टाळू दिसत होती.

"आणि दुसरं," मेट्रनबाई म्हणाल्या, "फोटो उलटा छापलाय तुमचा."

"काय?"

"वळण डावीकडे दिसतंय."

"शक्य नाही!" सर उभे राहिले. "मी स्वतः तपासला होता. संपादकांनी तपासला होता. दोन परीक्षकांनी तपासला होता!"

मेट्रनबाईंनी कोमटपणा गेलेला कागद त्यांच्यापुढे धरला. सरांनी तो हिसकावून घेतला आणि उभ्या उभ्या वाचू लागले. सवा पान वाचायला त्यांना भरपूर वेळ लागला. मामा पहिल्यांदाच एका माणसाला वाचताना पाहत होते.

"डावीकडे आहे," सर म्हणाले. त्यांचे ओठ हलायला लागले. रडतात की काय म्हणून भाची पुढे झाली, तर ते हसत होते. "तीस वर्षं! संपादक, परीक्षक, मी, तो प्रिंटर... कुणालाच कळलं नाही!"

"कळायला वाचावं लागतं," मेट्रनबाई म्हणाल्या. "आणि मी तरी कुठे वाचला होता? आज अहवाल छापायला वेळ लागला म्हणून."

"मग आवडला का?" सरांनी विचारलं. सोमवारपासून ते हा प्रश्न कुणाला तरी विचारायला निघाले होते.

मेट्रनबाईंनी विचार केला. "मधे जरा लांबलाय. पण ती पाऊस नसताना शंखाचं तोंड बंद करून बसते तो भाग चांगला आहे. मला वाटायचं मेली ती. मी दोनदा फेकून द्यायला निघाले होते."

सर खाली बसले, भाषणाचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नवं भाषण लिहायला घेतलं.

समारंभात कुलगुरूंनी ठरल्याप्रमाणे आकडा वाचला. भाचीनं त्यांना सकाळीच सगळं ई-मेलनं कळवलं होतं; तो अर्थात उघडला गेला नव्हता. टाळ्या झाल्या. सर माइकपाशी आले आणि त्यांनी आभार मानलेच नाहीत. "मित्रहो, एक दुरुस्ती आहे," ते म्हणाले. "माझ्या निबंधातलं चित्र उलटं छापलं गेलंय. शंखाचं वळण उजवं आहे. हे तीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. हा निबंध इतक्या वेळा उघडला गेला, कारण आपल्या ग्रंथालयाचा प्रिंटर त्यावर तपासतात. तेव्हा हा सत्कार खरं तर प्रिंटरचा आहे. तो आज इथे येऊ शकला नाही." सभागृह इतकं हसलं की कुलगुरूंनाही हसावं लागलं. मागच्या रांगेत प्रिंटरदादा उभे राहून सगळ्यांना हात दाखवत होते.

मामा त्याच दुपारी मार्गदर्शिका बाईंकडे गेले. भाची बाहेर बाकावर बसली. मग मामा बाहेर आले.

"काय म्हणाल्या?"

"'संशोधन जिवंत झालं' हा निष्कर्ष मी खोडला. त्याजागी लिहिलं, लोक उतरवतात, वाचत नाहीत. विभागप्रमुख बाईंचे फोल्डर घातले, प्रिंटर घातला. तर म्हणाल्या, इतक्या वर्षांत हे पहिलं पान आहे जे तुम्ही कुठूनतरी उचललेलं वाटत नाही." मामा बाकावर बसले. "सहायिके, हे कौतुक होतं का गं?"

"होतं, मामा."

"तरीच. ऐकायला वेगळंच वाटलं."

पण मामांचं सुख दोन आठवडेही टिकलं नाही. भाचीनं एका सकाळी नोंदी उघडल्या आणि मामांना बोलावलं. सरांचं भाषण ऐकून अख्ख्या विद्यापीठानं ती उलटी गोगलगाय बघायला निबंध उघडला होता. घरांतून, वसतिगृहांतून, दुसऱ्या विद्यापीठांतूनही. आणि या वेळी तो मिनिटभरात बंद होत नव्हता. लोक दहा-दहा मिनिटं त्यात थांबत होते. फोटोसाठी आले ते मजकुरात अडकले होते. म्हणजे लोक वाचत होते, आणि मामांचा नवा निष्कर्ष पुन्हा चुकला होता.

"आता प्रकरण तिसऱ्यांदा," मामा कण्हले. "ही माणसं माझा प्रबंध पुरा होऊ देणार नाहीत."

तेवढ्यात सर आणि मेट्रनबाई आत आले. सरांना एक ई-मेल आला होता आणि त्याला उत्तर कसं पाठवायचं हे त्यांना भाचीकडून शिकायचं होतं. कुणीतरी विचारलं होतं, की पाऊस नसताना गोगलगाय शंखाचं तोंड बंद करते ते नेमकं कशानं, आणि आत किती दिवस तग धरते.

मामा ताठ झाले. हात आपोआप भिंगाकडे गेला. "सर, हा माणूस कोण, त्याचा हेतू काय, याचा मी छडा..."

"छडा कशाला?" सर म्हणाले. "खाली नाव लिहिलंय त्यांनी."

ते संगणकापुढे बसले आणि एका बोटानं उत्तर लिहू लागले. एकेक अक्षर शोधून, दाबून, वर पाहून, पुन्हा शोधून. मेट्रनबाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. अर्धा तास झाला तरी पहिलं वाक्य संपलं नव्हतं, आणि सरांना कसलीही घाई नव्हती. 'वेटोळे' या शब्दापाशी ते अडले.

"'ळ' कुठे असतो गं यावर?" त्यांनी भाचीला विचारलं.

"थांबा, मी शोधतो," मामा पुढे सरसावले. भिंग घेऊन ते कळफलकावर ओणवे झाले आणि वरच्या ओळीपासून पद्धतशीर तपास करू लागले.

तो मेट्रनबाईंना आधी सापडला.